न्याय आधी क्षेत्रकार्यात हवा

महोदय,

समाजकार्याच्या २०१४च्या जागतिक व्याख्येत सामाजिक न्याय हे मध्यवर्ती तत्त्व आहे. ते शिकवणाऱ्या संस्थांत मात्र घोडे क्षेत्रकार्यापाशीच, म्हणजे विद्यार्थ्याने सेवासंस्थेत करायच्या प्रत्यक्ष कामापाशीच, अडते. अमेरिकेत पदव्युत्तर पदवीसाठी किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य सक्तीचे आहे, तेही बहुतेकदा बिनपगारी. पोटासाठी रात्रपाळी करणारा विद्यार्थी सकाळी सेवासंस्थेत उशिरा पोहोचतो, अहवाल रखडतो आणि मार्गदर्शक शेरा मारतो, ‘गांभीर्य नाही’. दोष परिस्थितीचा आणि गुण मात्र माणसाचे कापले जातात, हे संतापजनक आहे.

उपाय अवघड नाहीत. प्रवासखर्च सत्र सुरू होण्याआधीच द्यावा. नंतर मिळणारी भरपाई उसनवारीवर जगणाऱ्याच्या कामाची नसते. संध्याकाळचे आणि सुटीच्या दिवसांचे तास मोजावेत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२५पासून गरजू विद्यार्थ्यांना सक्तीच्या क्षेत्रकार्याच्या काळात साप्ताहिक भत्ता सुरू केला, तो मार्ग इतरांनीही धरावा.

तक्रारीचेही तसेच. जातीवरून, वर्णावरून किंवा अपंगत्वावरून अपमान झाला, तर दाद त्याच मार्गदर्शकाकडे मागायची, ज्याच्या हाती गुण आहेत! मग कोण बोलेल? तक्रार समितीत संस्थेबाहेरची व्यक्ती असावी आणि चौकशी संपेपर्यंत गुणदान दुसऱ्या मार्गदर्शकाकडे सोपवावे.

– समाजकार्य विषयाचे काही अध्यापक