झिंगलेले हेसियन आणि मिठाची टंचाई

संपादक महोदय,

डिसेंबर आला की अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या नाताळाचे तेच चित्र कुठे ना कुठे छापून येते: सजवलेले झाड, भेटवस्तू आणि न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला दारू पिऊन पडलेले हेसियन, म्हणजे ब्रिटिशांनी भाड्याने आणलेले जर्मन सैनिक. त्यातले झाड पुढच्या शतकातले. झिंगेलाही पुरावा नाही. त्यांचा अधिकारी कर्नल राल याचे सुमारे 1500 सैनिक मिलिशियाच्या, म्हणजे स्थानिक नागरी सैन्याच्या, सततच्या छाप्यांनी जागून जागून थकले होते. उलट त्यांच्यावर चालून येणाऱ्या अमेरिकी सेनापती वॉशिंग्टनचेच वेळापत्रक कोलमडले होते. 25 डिसेंबर 1776 च्या रात्री 2400 सैनिक आणि 18 तोफा मध्यरात्रीपर्यंत डेलावेअर नदीपार जायच्या होत्या. नदीतल्या बर्फामुळे पहाटेचे तीन वाजले आणि हल्ला उजाडल्यावर, आठच्या सुमारास झाला.

शिवाय, सगळ्या वसाहतींचा नाताळ एक नव्हताच. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. कायदा 1681 मध्ये गेला, पण प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या, घरांत 25 डिसेंबर पुढेही कामाचाच दिवस राहिला. व्हर्जिनियातले अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे लोक, मात्र चर्च हिरव्या फांद्यांनी सजवत आणि मेजवान्या 6 जानेवारीपर्यंत चालवत.

या मेजवान्यांना खरा फटका बसला तो ब्रिटनच्या निषेधार्थ वसाहतींनीच घातलेल्या आयातबंदीचा. 1 डिसेंबर 1774 पासून चहा, कॅरिबियनमधल्या ब्रिटिश बेटांवरची काकवी आणि ऑलस्पाइस हा मसाला, मडेरा या पोर्तुगीज बेटाची वाइन, सगळे बंद. त्यावाचून एक वेळ भागते, मिठावाचून नाही. मांस खारवून टिकवण्यासाठी डुकरे कडाक्याच्या थंडीतच कापत, कारण मीठ आतपर्यंत मुरायला वेळ लागतो. मीठ कमी पडले किंवा मध्येच हवा उबदार झाली, तर मांडीचे मांस हाडालगत आधी नासते. वरून काही कळत नाही. युद्धात बाहेरचे मीठ आटले, तेव्हा किनाऱ्यावर समुद्राचे पाणी आटवणे सुरू झाले. 100 लिटर पाण्यातून जेमतेम साडेतीन किलो मीठ निघते आणि त्यापायी लाकूड किती जळते, हे कुणीही सांगेल.

साराटोगाला ब्रिटिशांवर मिळवलेल्या विजयानंतर अमेरिकी राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, 18 डिसेंबर 1777 हा दिवस तेराही राज्यांसाठी आभारप्रदर्शनाचा ठरवला. नाताळ न मानणाऱ्यांनाही तो चालण्यासारखा होता. व्हॅली फोर्ज या हिवाळी छावणीच्या जागी पोहोचण्याच्या आदल्या दिवशी सैन्याने तो पाळला. जोसेफ प्लम्ब मार्टिन या सैनिकाने त्या दिवशीचा शिधा लिहून ठेवला आहे: अर्धा गिल, म्हणजे सुमारे चार मोठे चमचे तांदूळ आणि एक चमचा व्हिनेगर.

– इतिहासाचा एक अभ्यासक