आप्पा, तासिका तत्त्वावर लागले

लाइपझिग, ऑक्टोबरअखेर

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दर वेळी विचारता, "कायम झालीस का?" आणि मी दर वेळी इथल्या थंडीवर घसरते. म्हणून आज कागदावर लिहितेय. इंग्रजी शिकवायचं काम मिळालंय. कायम नाही, होण्याची चिन्हंही नाहीत. आईला एवढं सांगा, की वाड्यात कुणाला सांगताना 'प्रोफेसर' म्हणू नकोस.

आधी मी खासगी क्लासवाल्यांकडे खेटे घातले. जावईबापूंच्या ब्लू कार्डाच्या, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्याच्या, कृपेनं माझ्या राहण्याच्या परवान्यावर कसलंही काम करायची मुभा छापलेली आहे. इंग्रजी शिकवण्याचं सेल्टा नावाचं प्रमाणपत्रही आहे, म्हणजे 120 तासांचा कोर्स आणि त्यात खरोखरच्या मोठ्या माणसांना शिकवून दाखवलेले 6 तास. तरी एका ठिकाणच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून विचारलं, "पण इंग्रजी तुमची मातृभाषा नाही ना?" म्हटलं, नाही, मराठी. "आमच्या गिऱ्हाइकांना मातृभाषावालेच लागतात," असं म्हणून त्यांनी माझा कागद गोडच हसून परत दिला. परतताना ट्राममध्ये तुमची फार आठवण आली. उभ्या जन्मात साहेबाशी चार वाक्यं बोलला नसाल, आणि तीस वर्षं रहिमतपूरच्या पोरांकडून इंग्रजी घोटून घेतलंत. तुम्हालाही त्या बाईंनी दारातूनच वाटेला लावलं असतं.

मग फोल्क्सहोखशूलेचा पत्ता लागला. नाव दातात अडकतं, पण सोय चांगली आहे. गावाच्या नाहीतर जिल्ह्याच्या पैशावर चालणारी ही मोठ्यांची शाळा. संध्याकाळी कुणी शिवण शिकतं, कुणी योगासनं, कुणी स्पॅनिश. लाइपझिगबाहेरच्या एका छोट्या गावी त्यांना इंग्रजीचा माणूस हवा होता, कारण शहरातलं कुणी तिथवर जायला राजी नव्हतं. मी गेले. त्यांनी मातृभाषा विचारली नाही, सोमवारी संध्याकाळी मोकळ्या आहात का, एवढंच विचारलं. वर्ग भरायला आठ माणसं लागतात. शेवटच्या दिवसापर्यंत सातच होती, म्हणजे वर्ग रद्दच. आठवी व्यक्ती आली ती एक्काहत्तर वर्षांची आजी. तिच्याविषयी पुढे लिहिते.

आधी पैशांचं सांगते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. इथे 45 मिनिटांचा एक तास धरतात, त्याचे मला 28 युरो. दोन तासांच्या पंधरा संध्याकाळी म्हणजे 840 युरो, महिन्याचे नव्हेत, अख्ख्या सत्राचे! ह्याला होनोरार म्हणतात, आपलं मानधनच ते. थोडक्यात आपल्या कॉलेजांतली तासिका तत्त्वावरची मंडळी आठवा. आजारी पडलं की शून्य, सुट्टीत शून्य, तयारी आपल्या घरी. पुढे कमाई वाढली तर पेन्शनचे 18.6 टक्केही सगळे माझ्याच खिशातून. पगारी माणसाचे निम्मे त्याचा मालक भरतो. 2022 च्या जूनमध्ये कासेलच्या केंद्रीय सामाजिक न्यायालयानं हेरेनबर्ग गावच्या एका संगीतशिक्षिकेबद्दल 'ही स्वतंत्र नाही, नोकरदारच आहे' असा निकाल दिला. तेव्हापासून शाळा करार करताना चार वेळा वकिलाला विचारतात म्हणे. माझ्यासारखीला त्यातून काय मिळेल ते देव जाणे. तूर्त मी तासिकावालीच.

आता वर्ग. दिवसा तिथे प्राथमिक शाळा भरते, त्यामुळे साठी-सत्तरीची माणसं गुडघे वर करून चिमुकल्या खुर्च्यांवर बसतात. सगळ्यांची शाळा जुन्या पूर्व जर्मनीत झालेली. आपल्याला जसं पाचवीत इंग्रजी आलं, तसं त्यांना पाचवीत रशियन आलं, आणि तेही सक्तीचं. इंग्रजी सातवीनंतर, घेतलं तर. आजीनं घेतलं नव्हतं. तिला आजही रशियन पाटी घडाघडा वाचता येते, पण नातसून आयर्लंडची आहे, आणि पणतू दोन वर्षांचा, इंग्रजीत बोबडं बोलणारा.

दुसऱ्याच सोमवारी हॉटेलातला संवाद चालला होता. मी वेटर. आजी ताठ बसून म्हणाली, "आय बिकम अ कॉफी." कुणीच हसलं नाही, कारण सगळेच तसं म्हणणारे होते! जर्मनमध्ये 'बेकोमेन' म्हणजे मिळणं. मलाही हसू आलं नाही. मला माझं 'माय हेड इज पेनिंग' आठवलं आणि तुमच्या हातातली पट्टी आठवली. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहिले, आणि इंग्रजी 'बिकम' खाली कॉफीच्या कपाला दोन पाय आणि आजीसारखा चष्मा काढला. तेव्हा मात्र सगळा वर्ग खुर्च्यांसकट हलला. आजी तर डोळे पुसत होती.

उच्चारात माझीही फजिती झाली बरं का. 'थँक यू'ला जीभ दातांच्या मधे आणा म्हणून मी दाखवत होते. एक गृहस्थ म्हणाले, पुस्तकासोबतच्या ध्वनिफितीत वेगळं ऐकू येतं. खरंच होतं त्यांचं, मी आपला मराठी 'थ' म्हणत होते, जीभ दातांना टेकवून. म्हटलं, ध्वनिफितीतला शिका, माझ्यानंही काम भागतं. आता रोज भांडी घासताना मी तो 'थ' घोकते.

तास संपल्यावर आजीनं वही दाखवली. प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीनं जर्मन वळणाचा उच्चार, 'थर्स्टी'खाली 'सोर्स्टी'. सेल्टाचे शिक्षक असं करू नका म्हणायचे, आणि तुम्ही तर माझ्या वहीतलं देवनागरी खोडरबरानं पुसायला लावायचात. मी तिला काही बोलले नाही. उलट सांगितलं, की मीही पाचवीत अस्संच लिहायची, आमच्या लिपीत, आणि माझे वडीलच माझे मास्तर होते. तिला ते खरं वाटेना.

म्हणून एक काम करा. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या जुन्या पातळांखाली, माझी पाचवीची वही असेल. एखादं पान असं शोधा की मी नीट पुसलेलं नाही आणि तुमचा लाल शेरा शेजारी आहे. शेजारच्या पोराकडून फोटो काढून घ्या आणि सोमवारच्या आत पाठवा.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू