खुंट कोणता, ते लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘घरपोच कॅटलॉगचा जमाना संपला’ अशा अर्थाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. अमेरिकेतल्या सिअर्स या दुकानांच्या साखळीने आपला जाडजूड कॅटलॉग 1993 मध्ये बंद केला, फर्निचरवाल्या आयकियाने 2020 मध्ये आपला बंद करत असल्याचं जाहीर केलं, हे त्यात आहे आणि ते खरंच आहे. पण आपल्याकडे सूचीपत्र घरात आलं की काय व्हायचं, त्यातली वस्तू दारापर्यंत कशी पोचायची, याची एक ओळही त्यात नाही. माझ्या टपाल खात्यातल्या नोकरीची अकरा वर्षं नागपुरातल्या एका पोस्टात व्हीपीच्या टेबलावर गेली, म्हणून हे पत्र.

व्हीपी म्हणजे व्हॅल्यू पेएबल. वस्तू पाठवणारा पार्सलवर रक्कम लिहून देणार, पोस्टमन ती गिऱ्हाइकाकडून घेऊन पार्सल हाती देणार, आणि तीच रक्कम मनीऑर्डरने पाठवणाऱ्याकडे परत जाणार. ही सोय आपल्या टपाल खात्यात 1877 पासूनची आहे. 2010 मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! आम्ही निवृत्त मंडळी आपसांत हसलो, दुसरं काय करणार.

आमच्या टेबलावर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व्हीपी भराभर सुटायच्या आणि वीस तारखेनंतर तुंबायच्या. पोस्टमन पिशवी टेकवत सांगायचा, ‘बाई, घेऊनच नाही राहिले ना ते. म्हणतात, पगार झाला की या.’ दिवाळीआधी पुस्तकांच्या व्हीपी यायच्या, प्रकाशकांच्या सूचीवर खुणा करून मागवलेल्या. पावसाळा सरता सरता बियाण्यांची पाकिटं. एका शिक्षकांची तर दर सप्टेंबरला पुण्याच्या पेस्तनजी पोचांकडून पुडी यायची. ती सोडवायला ते स्वतः काउंटरवर यायचे, पोस्टमनची वाट पाहायचा धीर नसायचा. मला बागेचा नाद त्यांनी लावला. त्यांच्याकडची जुनी सूची मी एकदा घरी नेली ती रात्रभर वाचत बसले. झाड किती उंच होणार, फूल किती दिवसांनी येणार, मैदानी प्रदेशात पेरणी कधी आणि डोंगराळ भागात कधी. फ्लॉक्स, पॅन्झी, डॉगफ्लॉवर. चित्रं मोजकी, बाकी सगळा बारीक टाइप. नागपूरच्या उन्हाळ्यात यातलं काही टिकत नाही, म्हणून पाऊस ओसरला की पेरायचं, हे मी त्या बारीक टाइपातूनच शिकले.

म्हणजे तेव्हा सगळे हरिश्चंद्र होते असं नाही. मासिकांत जाहिराती यायच्या, ‘कोडं सोडवा, ट्रान्झिस्टर मिळवा’. कोडं पाचवीतलं पोरही सोडवेल असं. मग व्हीपी यायची, माणूस पैसे भरायचा आणि खोक्यातून खेळण्यातला डबा निघायचा, क्वचित विटेचा तुकडाही. पैसे भरल्याशिवाय पार्सल उघडू द्यायचं नाही हा नियम, त्यामुळे शिव्या मात्र काउंटरवर आम्हाला पडायच्या. आता काही वस्तूंसाठी डिलिव्हरीवाला समोर खोकं उघडून दाखवतो, ही सुधारणा आहे, ती मी मान्य करते. वस्तू परत घेतात, हीसुद्धा.

माझी तक्रार वेगळीच आहे.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या सूनबाईंनी मला मोबाइलवर ‘निळ्या गुलाबाचं बी’ दाखवलं. शंभर बिया, दीडशे रुपये, आभाळासारखा निळा गुलाब. मी म्हटलं, अगं, निळा गुलाब निसर्गात नाहीच. जपानी कंपनीने जनुकं बदलून एक केला, तोही जांभळटच. आणि बागेतला गुलाब बियांवरून कोण करतं? गुलाबाला डोळा भरतात, म्हणजे चांगल्या झाडाची कळी काढून दुसऱ्या रोपाच्या खोडात बसवतात. ‘काकू, चार हजार लोकांनी चांगलं म्हटलंय,’ ती म्हणाली. मागवलं. उगवलं ते नुसतं तण. महिन्याभराने तिने तक्रार करायला ते पान उघडलं तर त्याच जागी त्याच विक्रेत्याची मोबाइलची कव्हरं विकायला होती. खालची चार हजार मतं तशीच!

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट आहे, दीडशे रुपयांचा प्रश्न. संत्र्याचं तसं नाही. काटोलजवळ माझ्या भावाची बाग आहे. माझ्या भाच्याने मागच्या वर्षी दोनशे कलमं ऑनलाइन फोटो पाहून बुक केली. फोटोत फळांनी लदलेलं झाड. मी त्याला एवढंच विचारलं, खुंट कोणता, म्हणजे डोळा भरलेलं खालचं मुळाचं रोप कोणत्या जातीचं? जंबेरीचा की रंगपूर लाइमचा? डोळा जमिनीपासून किती वर भरलाय? आमच्याकडच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं, डिंक्या लागतो (खोडातून डिंक गळायचा रोग), तिथे खुंट चुकला की बाग बसते. त्याने विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर आलं, ‘सर, फुल गॅरंटी.’ खालोखाल हात जोडलेलं चित्र. खुंटाचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. कलमं लागली आहेत, तरारलीही आहेत. पण संत्र्याला फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. तोवर ते पान राहील का, तो विक्रेता राहील का? आणि भाच्याने मोबाइल तर त्याआधीच दोनदा बदललेला असेल.

सूचीपत्राचं काम मला इथे दिसतं. ते छापलं गेलं की विकणाऱ्याचा शब्द त्याच्या हातून सुटला. माझ्या हातातली किंमत आणि अमरावतीच्या माणसाच्या हातातली किंमत एकच. मी रात्री दोनदा पाहिलं म्हणून सकाळी ती वाढलेली नाही. शेवटच्या पानावरचा माल पाहायचा तर शेवटचं पान उघडायचं. माझ्यासाठी काय निवडायचं ते कोणी परस्पर ठरवत नाही. आणि पाच वर्षांनी भांडायला जायचं झालं तर ते पान घेऊन जाता येतं. गंमत अशी की ऑनलाइनवाल्यांनाही हे उमगलेलं दिसतं. खुद्द अॅमेझॉनने 2018 मध्ये अमेरिकेत नाताळाआधी खेळण्यांचा छापील कॅटलॉग घरोघर पाठवला. पोरांनी पेनाने गोल करावेत म्हणून असणार. मोबाइलवर गोल कुठे करणार?

सिअर्ससारखे हजार पानांचे ग्रंथ परत येतील असं मला वाटत नाही, यावेतही असं नाही. कागद महाग, टपालखर्च महाग. साड्या, कुकर, चपला खुशाल मोबाइलवर घ्या, मीही घेते. पण काही मालाला वर्षानुवर्षं जबाबदार राहणारी सूची लागते: कलमं, बियाणं आणि माझ्या मते पुस्तकंही. आमच्या वरुड, शेंदूरजना घाट भागात संत्र्याच्या रोपवाटिका ओळीने आहेत. त्यांनी दरवर्षी मृगाआधी चार पानं छापावीत. जात, खुंट, डोळा कुठल्या झाडावरून घेतला, कलमाचं वय, उंची, दर, आणि खाली मालकाची सही. ऑनलाइन विकायचं तर विकावं, त्याच चार पानांचा फोटो तिथेही टाकावा. मात्र छापलेली प्रत पार्सलबरोबर गेलीच पाहिजे. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. अशा सूचीत काय काय लिहिलेलं असावं, याचा नमुना तिने तयार करून दिला तर रोपवाटिकावाल्यांना सबब उरणार नाही.

भाचा म्हणतो, ‘आत्या, तुला कॅटलॉगची हौस आहे फक्त.’ हौस आहेच. त्या शिक्षकांची सूची अजून माझ्या कपाटात आहे. परत द्यायची राहून गेली, आता ते नाहीत. पॅन्झीच्या ओळीपुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘नागपूर – दसऱ्यानंतर.’

विदर्भातल्या कोणा रोपवाटिकेने अशी सूची छापलीच तर एक प्रत मलाही पाठवावी. व्हीपीने पाठवली तरी चालेल, महिन्याची वीस तारीख उलटून गेलेली असली तरी सोडवून घेईन.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
खामला, नागपूर