गोष्ट कुणी लिहिली, चित्रं कुणी काढली, तेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत ॲनिमेवर, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांवर, पानभर लेख आला, बघून खरंच खूप आनंद झाला, कारण आमच्या साताऱ्याच्या घरी तुमचा पेपर माझ्या जन्माच्या आधीपासून येतो आणि या विषयाला एवढी जागा दिलेली मी पहिल्यांदाच बघितली. लेख दोनदा वाचला. पण एक गोष्ट मनाला लागली म्हणून हे पत्र. लेखात सात-आठ मालिकांची नावं होती, त्यातल्या निम्म्या तरी मुळात कादंबऱ्या आहेत, आणि एकाही ठिकाणी लेखकाचं नाव नव्हतं. कुठल्या ॲपवर दिसते ते होतं, हिंदी डब आहे का ते होतं, पण ही गोष्ट कुणाच्या डोक्यातून आली ते कुठेच नाही. वर सगळ्याला मिळून शब्द वापरला 'जपानी कार्टून'.

मी पुण्यात जपानी शिकले आणि आता चाकणला एका कंपनीत मशीनच्या मॅन्युअलची भाषांतरं करते. दिवसभर बोल्ट, गॅस्केट आणि टॉर्क, आणि रात्री घरी आल्यावर लाइट नॉव्हेल. त्यामुळे यातलं थोडंफार कळतं असं म्हणायला हरकत नाही.

लाइट नॉव्हेल म्हणजे काय ते आधी सांगते. जपानमध्ये बुन्को नावाचा पुस्तकाचा आकार आहे, आपल्या पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठा, कोटाच्या खिशात मावेल असा, ट्रेनमध्ये उभ्या उभ्या एका हातात धरून वाचता येतो. त्या आकारात, साध्या वाहत्या भाषेत, संवाद भरपूर, सुरुवातीला दोन-चार रंगीत पानं आणि मधे मधे काळीपांढरी चित्रं, अशी तरुण मुलांसाठीची कादंबरी म्हणजे लाइट नॉव्हेल, तिकडची मुलं लाडानं नुसतं 'रानोबे' म्हणतात. किंमत काही वर्षांपूर्वीपर्यंत साधारण सहाशे-सातशे येन असायची. शब्द इंग्रजी वाटतो पण तो जपानमध्येच बनलेला आहे. १९८८-८९ च्या सुमाराला फुजिमी फँटासिया बुन्को, काडोकावा स्नीकर बुन्को अशा पुस्तकमाला निघाल्या, १९९३ मध्ये देंगेकी बुन्को आली, आणि तेव्हापासून दर महिन्याला ठरलेल्या तारखेला नवी पुस्तकं दुकानात लागतात.

आपल्याकडे हे अगदीच अनोळखी आहे असं मला वाटत नाही. आमच्या आजोबांच्या कपाटात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा गठ्ठा होता, झुंजार आणि काळापहाड, आणि आजोबा सांगायचे की दुकानात गेलं की आधी मुळगावकरांनी काढलेलं मुखपृष्ठ डोळ्यात भरायचं आणि मग हात खिशात जायचा. लाइट नॉव्हेलमध्ये चित्रकाराचं स्थान असंच असतं, किंबहुना जास्तच, कारण ती पात्रं कशी दिसतात ते पहिल्यांदा तो किंवा ती ठरवते आणि पुढे ॲनिमे, मँगा (जपानी चित्रकथा), बाहुल्या, कीचेन सगळं त्या चित्रावरून बनतं.

आता माझ्या आवडीच्या पुस्तकाबद्दल सांगते, म्हणजे माझं म्हणणं नीट कळेल. 'ओकामी तो कोशिनर्यो', म्हणजे लांडगा आणि मसाले, इंग्रजीत स्पाइस अँड वुल्फ. लेखक हासेकुरा इसुना, चित्रकार आयाकुरा जू. देंगेकीच्या कादंबरी स्पर्धेत २००५ साली या गोष्टीला रौप्य पुरस्कार मिळाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये पहिलं पुस्तक आलं तेव्हा लेखकाचं वय होतं फक्त तेवीस. गोष्ट अशी की लॉरेन्स नावाचा एक फिरता व्यापारी घोडागाडी घेऊन गावोगाव मीठ, कातडी, मसाले विकत फिरतोय आणि एका गावातून निघताना त्याच्या गाडीत एक मुलगी सापडते, लांडग्याचे कान आणि शेपूट असलेली, होलो तिचं नाव. ती शेकडो वर्षं त्या गावाच्या गव्हाचं पीक सांभाळत आलीय, पण आता गावाला शेतीच्या नव्या पद्धती सापडल्यात आणि तिची कुणाला गरज उरलेली नाही, म्हणून तिला उत्तरेला आपल्या घरी परत जायचंय. तलवारबाजी जवळपास नाही, जादू फारशी नाही, सगळी झुंज चालते ती भावतावाची, कर्जाची आणि बाजारातली पत टिकवण्याची.

पहिल्या पुस्तकात एक तरुण व्यापारी लॉरेन्सला गुपित सांगतो की अमुक एक चांदीचं नाणं लवकरच जास्त चांदी घालून नव्यानं पाडणार आहेत, आत्ता साठवून ठेवा. होलो नाणी हातात खुळखुळवते आणि नुसत्या आवाजावरून ओळखते की नव्या नाण्यात चांदी उलट कमी होत चाललीय. मग ही खोटी बातमी कोण पसरवतंय, हिणकस होत चाललेलं नाणं गोळा करून कुणाचा फायदा, राजाशी त्यावर काय सौदा करता येईल, असं ते सगळं उलगडत जातं. हे वाचताना मला सारखी आपली पेशवाई आठवत होती. आपल्याकडे अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे किती प्रकारचे रुपये चालायचे आणि एकाचा दुसरा करून घेताना सराफ बट्टा कापायचा, 'नावाला बट्टा लागला' हे आपण आजही म्हणतो. दूरदेशीच्या एका विशीतल्या मुलानं युरोपच्या मध्ययुगासारखं जग रचून लिहिलेली गोष्ट, आणि मराठी माणसाला ती इतकी सहज कळते.

यावर ॲनिमे आला जानेवारी २००८ मध्ये, फार सुंदर आहे, मीही आधी तोच बघितला आणि मग पुस्तकाकडे वळले. पण पहिल्या सीझनमध्ये पुस्तक पहिलं आणि दुसरं, २००९ च्या दुसऱ्या सीझनमध्ये तिसरं आणि एकदम पाचवं, चौथं गाळलेलं, आणि तिथंच सगळं थांबलं. पुस्तकं मात्र चालू राहिली, २०११ मध्ये सतराव्या भागात मूळ मालिका पूर्ण झाली, पण सहाव्यापासूनची मोठी गोष्ट तेव्हा पडद्यावर आलीच नाही. पंधरा वर्षांनी २०२४ मध्ये नवा ॲनिमे आला, कोशिमिझु आमी आणि फुकुयामा जुन हे जुनेच आवाज घेऊन, आणि सुरुवात पुन्हा पहिल्या पानापासून.

माझा भाचा कराडला असतो, दहावीत आहे. त्यानं जुना ॲनिमे बघून संपवला आणि रात्री अकराला मला फोन, मावशी पुढं काय झालं, पुढचा सीझन का नाही काढला, ती घरी पोचली का नाही? मी म्हटलं अरे पुस्तकात आहे ना सगळं. तर तो म्हणाला पुस्तक आहे?? त्याला माहितीच नव्हतं. पंचवीसेक भाग बघितलेल्या मुलाला माहितीच नाही की याचं पुस्तक आहे, आणि लेखक आजही लिहितोय. म्हणूनच मी तुम्हाला इतकं कळकळीनं लिहितेय, कारण या मुलांच्या घरात पेपर येतो आणि पेपरनं एक ओळ छापली तर त्यांना कळेल.

पुढचा सीझन का येत नाही याचं उत्तर या धंद्याच्या रचनेत आहे. ॲनिमेचा खर्च बहुतेक वेळा एकटा स्टुडिओ करत नाही. प्रकाशक, संगीत कंपनी, डिस्क विकणारी कंपनी, टीव्हीवाले, खेळणीवाले असे मिळून एक समिती करतात, सेइसाकु इइन्काइ म्हणतात तिला, सगळे थोडे थोडे पैसे घालतात, बुडाले तर थोडे थोडे बुडतात आणि फायदा झाला तर हक्काप्रमाणे वाटून घेतात. स्टुडिओनं स्वतः पैसे घातले नसतील तर त्याला ठरलेली मजुरी मिळते आणि मालिका कितीही चालली तरी वरचं फारसं काही मिळत नाही. यात पुस्तकाचा प्रकाशक बसलेला असतो तो मुख्यतः पुस्तकं खपावीत म्हणून. बारा-तेरा भागांत दोन-चार पुस्तकं मावतात, तेवढ्यानं लोक दुकानात आले, जुन्या भागांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, की प्रकाशकाचं काम झालं. पुस्तकाला खाली एक कागदी पट्टा गुंडाळलेला असतो, किमोनोच्या कंबरपट्ट्यावरून त्याला ओबी म्हणतात, त्यावर मोठ्या अक्षरात येतं 'ॲनिमे येणार'. ती जाहिरात एकदा लागू पडली की दुसऱ्या सीझनला पैसे घालायला तेवढं कारण उरत नाही. प्रकाशक काडोकावा हारुकी यांनी १९७७ मध्ये सिनेमाच्या जाहिरातीत वाक्य वापरलं होतं, वाचून मग बघणार की बघून मग वाचणार, आणि पुस्तक-पडदा-गाणं एकत्र विकायची ही रीत तेव्हापासून पक्की होत गेली. मला यात वाईट काही दिसत नाही, फक्त आपल्याकडे त्यातला 'बघून' एवढाच अर्धा भाग पोचलाय आणि 'वाचणार' वाटेतच राहून गेलं.

आणि पैसा केवढा आहे बघा. जपानच्या ॲनिमे संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये या सगळ्या बाजाराची उलाढाल ३ लाख ३४ हजार कोटी येनच्या पुढे गेली आणि त्यातला १ लाख ७२ हजार कोटींचा वाटा जपानबाहेरचा, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा बाहेरच्या प्रेक्षकांकडून येतोय, आणि त्या प्रेक्षकांत आता आपली पोरंही आहेत. तरीही हालचालीच्या दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्या नवख्या मुलांना एका चित्रामागे दोनशे येनच्या आसपास मिळतात, हे तिकडे वर्षानुवर्षं बोललं जातं. चित्रामागे दोनशे येन घेऊन टोकियोत घरभाडं कसं देत असतील कोण जाणे.

याला एक वेगळी वाट काढणारा स्टुडिओ होता आणि आहे, क्योतो ॲनिमेशन. तानिगावा नागारू यांच्या हारुही सुझुमियाच्या पुस्तकांवर २००६ मध्ये त्यांनी केलेली मालिका गाजली आणि लाइट नॉव्हेलवरच्या ॲनिमेची लाटच आली. चित्रकारांना त्यांनी महिन्याच्या पगारावर ठेवलं, स्वतःची कादंबरी स्पर्धा सुरू केली, स्वतः पुस्तकं छापली, आकात्सुकी काना यांची व्हायोलेट एव्हरगार्डन तिथूनच आली. १८ जुलै २०१९ ला त्या स्टुडिओला एका माणसानं आग लावली आणि ३६ जण गेले. त्या रात्री मी गेलेल्यांच्या यादीतली नावं एकेक करून जपानीत वाचायचा प्रयत्न करणार होते, पण नावं लगेच जाहीर झालीच नाहीत, आठवडे गेले. नंतर जेव्हा आली तेव्हा कळलं की यातल्या किती जणांची नावं मी मालिकांच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाट्यांमध्ये शंभरदा बघितलीत आणि एकदाही थांबून वाचली नाहीत. तेव्हापासून मी शेवटची पाटी पुढे ढकलत नाही.

आता भाषेबद्दल, हे माझं खास आवडीचं. होलो जी जपानी बोलते ती आजची नाही. स्वतःला 'वाच्ची' म्हणते, समोरच्याला 'नुशी', मधेच 'आरिन्सु' असा शेवट लावते, हे जुन्या काळच्या कलावंतिणींच्या वस्तीतल्या बोलीतून आलंय, त्यामुळे वयानं पिढ्यांपिढ्या मोठी, लाडिक, मानी आणि एकटी अशी ती एका वाक्यात उभी राहते. इंग्रजी भाषांतर मी वाचलंय, मेहनतीनं केलंय, पण ती चव पूर्ण उतरत नाही. (त्या इंग्रजी पहिल्या भागाचं मुखपृष्ठ तर आयाकुरांचं चित्र वगळून मॉडेलचा फोटो घालून आलं होतं, वाचक चांगलेच नाराज झाले होते.) मराठीत मात्र जमेल असं मला मनापासून वाटतं. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी, मराठीतही शेवटी, त्यांचे प्रत्यय आपल्या विभक्तीसारखे शब्दामागे चिकटतात, आणि जुनी मराठी अजून आपल्या कानात आहे, बखरीत आहे, ओव्यांत आहे. मी पहिली दोन प्रकरणं घरी करून बघितली. होलोच्या तोंडी 'आम्हांस', 'ठावें', 'बरें तर' असं घातलं आणि आईला वाचून दाखवलं, आई चष्मा काढून म्हणाली, ही तर आपल्या माईआजीसारखी बोलते गं. माईआजी आईची आजी.

तोत्तोचान मराठीत आलं आणि किती घरांत वाचलं गेलं ते आपल्याला माहीतच आहे, म्हणजे जपानी पुस्तक मराठी वाचकाला परकं वाटत नाही. पुण्यात जपानी शिकणारी मुलं दरवर्षी परीक्षांना बसतात, त्यातली बरीचशी माझ्यासारखी कारखान्यात आणि आयटीत भाषांतर करतात. त्यांच्यातल्या कुणाला विचारा, बॅगेत एक तरी बुन्को असतं. हिंदी, तमिळ, तेलुगूत ॲनिमे डब होतोय, आणि आपल्याकडे डब नाही तर नाही, पुस्तक तरी येऊ दे. हक्क विकत घेऊन, रीतसर, लेखकाला आणि चित्रकाराला त्यांचा पैसा देऊन. फुकटात फिरणाऱ्या चोरट्या भाषांतरांबद्दल मी बोलत नाहीये.

तुमच्याकडे माझी मागणी छोटी आहे. यापुढे ॲनिमेवर काहीही छापाल तेव्हा ज्याच्यावरून तो केलाय त्या पुस्तकाचं, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव एका ओळीत द्या, सिनेमाच्या परीक्षणात दिग्दर्शकाचं देता तसं. आणि एखाद्या दिवाळी पुरवणीत जपानी कादंबऱ्यांसाठी अर्धं पान ठेवा. लिहायला माणसं मिळत नसतील तर मी लिहीन, मानधनाची अपेक्षा नाही. हक्काचा प्रश्न असल्यामुळे ती दोन प्रकरणं छापता येणार नाहीत हे मला माहीत आहे, ती माझ्या टेबलाच्या खणात आहेत, भाचा दिवाळीच्या सुट्टीत येतोय, त्याला वाचायला देणार आहे. त्यानंतर जुन्या ॲनिमेनं गाळलेला तो चौथा भाग सुरू करीन.

आपली एक जुनी वाचक,
सातारा