मृत्युदंडाच्या शिक्षेनंतरची डॉक्टरेट

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, ‘बाबा, एकोणतिसावं सरलं आणि प्रबंध पुन्हा पहिल्या पानावर. बरोबरचे सगळे पुढे गेले.’ तेवढ्यात आईने फोन घेतला आणि गाडी तुझ्या जेवणावर गेली. तसंही मला फोनवर धड बोलता येत नाही. म्हणून हा कागद.

तुझ्याच ग्लासगो विद्यापीठात १९६५ ते १९८३ अशी अठरा वर्षं ल्यूबो सिर्त्स नावाचे गृहस्थ अर्थशास्त्र शिकवायचे. मूळचे स्लोव्हेनियाचे, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातले. जन्म १९२०चा, क्रान गावचा, घरी कापडाचा धंदा. युद्धात जर्मन-इटालियन फौजा आल्या तेव्हा ते प्रतिकार करणाऱ्या एका गटात होते, पुढे कम्युनिस्ट नेता टिटोच्या पार्टिझन, म्हणजे गनिमी, सैन्यातही गेले. म्हणजे जिंकून सत्तेवर आलेल्या बाजूचेच. पण युद्ध संपल्यावर त्यांना वाटलं की देशात विरोधी पक्ष असायला हवा. एवढंच वाटणं महागात पडलं.

१९४७च्या उन्हाळ्यात स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात, खटला उभा राहिला. आरोप परदेशांसाठी हेरगिरीचा. आरोपी कोण, तर भूगर्भशास्त्रज्ञ चर्टोमिर नागोदे, कायद्याचे प्राध्यापक बोरिस फुरलान, रावेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीतून जिवंत परत आलेल्या शिक्षिका अँगेला वोदे. आणि सत्तावीस वर्षांचे सिर्त्स. मृत्युदंडाची शिक्षा तिघांना सुनावली. नागोदेंना खरोखर मारलं. फुरलान आणि सिर्त्स यांची शिक्षा वीस वर्षांच्या कैदेवर आली. सिर्त्स यांचे वडीलही तुरुंगात गेले. ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा बसलो होतो.

सात वर्षांनी, १९५४ला सिर्त्स सुटले. दुसऱ्या वर्षी सीमा ओलांडून इटलीत गेले आणि तिथून इंग्लंडला. आता तुझ्यासाठी मुद्द्याचं. वय पस्तीस, परका देश, परकी भाषा, नावापुढे सजा भोगलेला कैदी. डॉक्टरेट त्यांनी केली स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबुर्गला, आणि ती हाती आली चाळिशीच्या आसपास. शिकवण्याची सुरुवात कुठे, तर ढाक्याला! तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात. आल्प्सच्या पायथ्याचा माणूस ढाक्याच्या जूनमध्ये कसा तग धरून राहिला असेल, देव जाणे. मग स्कॉटलंडमधलं डंडी, मग तुझं ग्लासगो.

आता हिशेबनिसाने हे सगळं का वाचावं? युगोस्लाव्हियाने १९५०ला कायदा करून कारखाने कामगारांच्या मंडळांच्या हाती दिले. स्वयंव्यवस्थापन म्हणतात ते. ऐकायला किती छान! सिर्त्स यांनी १९७९च्या पुस्तकात त्याचा ताळेबंद मांडला. कारखाना ‘समाजाचा’, म्हणजे नेमका कुणाचाच नाही. कामगार नोकरी सोडून गेला की त्याचा हक्क संपला. मग नफा यंत्रात घालायचा की पगारात वाटून घ्यायचा, असं मत टाकायची वेळ आली की हात कुठे वर जाणार? यंत्रासाठी मग बँकेचं कर्ज. तोटा झाला तरी कारखाना बुडू देत नाहीत, पुन्हा कर्ज. शेवटी महागाई. १९८९पर्यंत ती वर्षाला हजार टक्क्यांच्या पुढे गेली.

मी बत्तीस वर्षं सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात काढली. वार्षिक सभेत ‘उसाला भाव वाढवा’ म्हणून खुर्च्या आपटणारे सभासद पाहिलेत. बॉयलरच्या घसाऱ्याबद्दल, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी दरसाल बाजूला काढायच्या रकमेबद्दल, विचारणारा एक पाहिला, तोही चुकून. त्यामुळे हा माणूस काय म्हणतोय ते मला चटकन कळलं. तरी सगळं पटलं नाही. आपल्याकडे सभासदाचा स्वतःचा शेअर असतो, पोराच्या नावावर करता येतो. हा फरक बारीक नाही. सिर्त्स यांना लोकांनी मिळून चालवलेल्या कशावरच फारसा भरवसा नव्हता असं मला वाटतं, आणि ज्याच्यावर असा खटला चालला त्याचं ते साहजिकच आहे.

पण एक गोष्ट मानतो. कैदेबद्दल, खटल्याबद्दल त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं, ते १९८९ला आलं. त्याच्या दहा वर्षं आधीचं पुस्तक मात्र आकड्यांचं. आधी उत्पादन, पगार, कर्ज. स्वतःची जखम नंतर.

१९८३ला, त्रेसष्टाव्या वर्षी, लोक नातवंडं खेळवतात तेव्हा, त्यांनी लंडनला कम्युनिस्ट अर्थव्यवस्थांच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. १९९१ला तो जुना निकाल रद्द झाला. १९९२ला ते स्लोव्हेनियाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले आणि सपाटून आपटले. निवडून आले मिलान कुचान, तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे माजी प्रमुख! सिर्त्स २०१६ला, शहाण्णवाव्या वर्षी गेले.

गाईड गेले म्हणून विषय बदलावा लागला, त्यात तुझा दोष काही नाही. एकोणतीस म्हणजे काय, सिर्त्स तेव्हा कोठडीत होते.

आईने मेतकूट आणि लसणाची चटणी पाठवली आहे. डबा फुटला तर तिला सांगू नकोस. आणि ते १९७९चं पुस्तक मिळालं तर वाच. सभासदांच्या कारखान्याबद्दल त्यांचं बरोबर की माझं, ते तू सांग. मी विषय काढला की आई म्हणते, हा माणूस अजून कारखान्यातच आहे.

तुझा,
बाबा