बांडगुळातलं पाखरू

चि. सोनल हिस,
आप्पांचा आशीर्वाद.

द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरलंय, म्हणजे आता पाखरांचे दिवस. पहाटे बुलबुल आणि साळुंक्या, उन्हं वर आली की पोपट. कडेनं जाळी मारलीय, चमकपट्ट्या बांधल्यात, तरी माणूस लागतोच. मी आणि गडी आलटूनपालटून डबा बडवतो. जन्मभर पाखरं हाकलली, आणि एप्रिलात खरडछाटणी उरकल्यावर तू मला कर्नाटकातल्या आगुंब्याच्या जंगलात नेऊन एका पाखरासाठी, पर्णपक्ष्यासाठी, दोन दिवस मान वर करून उभं केलंस. तुझी आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगते. (स्वतः मात्र नागराजाच्या भीतीनं खोलीबाहेर पडली नाही, ते सांगत नाही.)

तेव्हा बोललो नाही, पण पहिल्या दिवशी मी वैतागलो होतो. आपलं पाखरं बघणं म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहायचं. पाणी उघडं, बदकं उघडी, दुर्बीण लावा आणि मोजा. २०२० साली रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत नाव गेलं तेव्हा गावात आपण सगळेच पक्षीतज्ज्ञ झालो होतो. तुझ्या जंगलात आवाज चहूकडून आणि पाखरू एक नाही. वर्षाला सात हजार मिलीमीटर पाऊस पिणारी झाडं ती. शेंडे कुठं संपतात तेच कळेना. खाली दिवेलागणीसारखा उजेड. वर बघावं तर आभाळाच्या चकाकीवर पानही काळं आणि पाखरूही काळं. तू म्हणत होतीस पर्णपक्षी हिरवागार असतो. असेल, पण तिथं हिरवा रंग दिसायला तरी हवा ना!

मग मी म्हटलं, ‘कोतवाल बोलतोय.’ कोतवाल मला ओळखू येतो. आपल्या तारांवर बसून किडे टिपतो, त्याच्यावर मी कधी डबा वाजवलेला नाही. तू हसलीस. म्हणालीस, ‘आप्पा, तारेवरचा कोतवाल उघड्या रानातला, तो एवढ्या दाट जंगलात कशाला येईल?’ तेवढ्यात त्याच झाडातून बुलबुल बोलला. लगेच शिक्रा. तिन्ही आवाज एकाच फांदीवरून! तो तुझा पर्णपक्षीच होता. नक्कल करणारं पाखरू असतं हे ऐकून होतो, पण आपल्याच बागेचे आवाज काढून मला कुणी असं बनवेल असं वाटलं नव्हतं.

आवाज ऐकला तरी ते दिसलं नाहीच. दुपारी मिश्र थवा आला तेव्हा तुझी धांदल बघण्यासारखी होती. भृंगराज, सातभाई आणि बाकीची मला नावंही न येणारी पाखरं दहा मिनिटांत डोक्यावरून गेली आणि जंगल पुन्हा मुकं. मी तेवढ्या वेळात मान खाली घालून दुर्बिणीचं चाक फिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी तू ते बांडगूळ दाखवलंस. आपण आंब्यावरचं बांडगूळ दिसलं की कोयता काढतो, आणि इथं तू त्याच्या फुलांसमोर मला ओंडक्यावर बसवलंस. मध प्यायला येईल म्हणालीस. बसल्या बसल्या माझं जुनंच काम सुरू झालं. वेलीवर भुरीचा रोग शोधताना आपण एकेक पान थोडंच बघतो? सगळ्या वेलीवरून नजर फिरवायची, बिघडलेलं पान आपोआप टोचतं. तसंच एक पान टोचलं. वारा पडलेला, बाकी पानं गप्प, आणि हे एकटं उलटं लटकून वर सरकत होतं. इथं पहिल्या दिवशीची चूक केली नाही. मान खाली न घालता, नजर तिथंच ठेवून, दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणली.

कपाळ भगवं, पिकल्या संत्र्यासारखं. चेहऱ्यावर काळा मुखवटा, त्यात डोळा कुठं आहे ते कळेना. गळ्याखाली निळी झाक. बाकी सगळं पान. तू कानात सांगत होतीस की पिसात हिरवा रंग नसतोच. पिवळं तेवढं रंगद्रव्य, निळं पिसाच्या बांधणीतून उजेड फुटून येतं, आणि दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. मला मोरचूद आणि हळद आठवली. तुझ्याकडे वळून हे सांगायला गेलो आणि ते गेलं. बुलबुलाएवढं पाखरू, अर्धं मिनिटही दिसलं नसेल.

हे आज लिहायचं कारण वेगळं. सकाळी बांधावरच्या काटेसावरीतून कोतवाल बोलला. सावर फुललीय. तारांकडे बघितलं तर कोतवाल एकही नाही. गडी डबा घेऊन निघाला होता, त्याला म्हटलं, थांब जरा. तो थांबला, मी मान वर करून उभा. वीस मिनिटं गेली. त्याला वाटलं असणार, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं. बांधावरही ते असू शकतं का, जर्डनच्या नावाचा तो दुसरा पर्णपक्षी? तू म्हणाली होतीस की तो कोरड्या मुलखातही असतो. फोनवर नीट सांग.

दिसलं नाही. तेवढ्यात तिसऱ्या ओळीत पोपट उतरले, मग मात्र डबा मीच वाजवला.

तुझे,
आप्पा