मंत्रीसाहेब, आमच्या बकऱ्यांच्या लेंड्या तपासायची सोय करून द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
साहेब नमस्कार,

मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरी 22 बकऱ्या होत्या, यंदाच्या पावसाळ्यात 3 गेल्या. जबड्याखाली पाणी भरलं, पापणी उलटून पाहिली तर पांढरीफट्ट, आणि जंताचं औषध पाजून दहा दिवसही झाले नव्हते. औषध कोणतं तर अल्बेंडाझोल, चार-पाच वर्षांपासून तेच, मेडिकलवाला तेच देते अन् शिबिरातही तेच भेटते.

हा रक्त पिणारा जंत, हिमॉन्कस, त्याची एक मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी टाकते, ती लेंड्यांतून बाहेर येतात. आणि आपण डोस देतो अंदाजानं. वजनकाटा कोणाकडेच नाही, 30 किलोच्या बकरीला 20 किलोचा डोस जाते, वरून बकरीचं शरीर मेंढीपेक्षा हे औषध लवकर बाहेर टाकते म्हणून तिला डोस जास्त लागते, हे मला आता कळलं, तीन बकऱ्या गेल्यावर. कमी डोसात कमजोर जंत मरतात, दांडगे उरतात, मग पुढची सगळी पैदास त्यांचीच.

मग लोक म्हणतात आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मारा, गोचिडही जाते जंतही जाते. पण ते औषध बहुतेक शेणातूनच बाहेर पडते, कित्येक दिवस तिथंच राहते आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारते. लहानपणी ढोरं चारायला जायचो तेव्हा सकाळचा शेणाचा पो संध्याकाळपर्यंत पोखरून निघायचा, आता तसाच वाळून पडून राहते. सगळा दोष इंजेक्शनचाच असं म्हणत नाही, कपाशीवरच्या फवारण्याही आहेत, पण हे कोणी मोजतच नाही ना साहेब. ढोरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधाचंही तसंच झालं, ते दिलेली मेलेली ढोरं खाऊन गिधाडं मरत गेली, अन् 2006 मध्ये बंदी आली तोवर ती संपत आली होती.

मला बंदी नको, औषध लागतेच. तालुक्याच्या दवाखान्यात एक मायक्रोस्कोप, अंडी मोजायची काचपट्टी, मिठाचं पाणी आणि शिकवलेला माणूस द्या. औषधाआधी लेंड्या तपासायच्या, 14 दिवसांनी पुन्हा, अंडी 95 टक्के कमी नाही झाली तर त्या गावात ते औषध चालत नाही हे समजून जायचं. शिकवायला माफसू, म्हणजे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपुरातच आहे. आणि शिबिरात सरसकट सगळ्या कळपाला पाजणं बंद करा, डॉक्टरनं पापणी पाहून गरज असेल त्यालाच द्यावं.

सोय झाली की कळवा, उरलेल्या 19 बकऱ्यांच्या लेंड्या घेऊन मी पहिल्याच दिवशी येतो.

यवतमाळ जिल्ह्यातला एक बकरीपालक